छातीत जळजळ नाही, तरी पित्तच? घसा आणि सायनसचे अनुभव लिहा

दोन वर्षं मी सायनसची पेशंट म्हणून फिरले. नाकामागून घशात सतत काहीतरी उतरतंय, खाकरल्याशिवाय बोलता येत नाही, सकाळी आवाज बसलेला. वाफ झाली, नाकातले फवारे झाले, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. शेवटी सायनसचा सीटी स्कॅन काढला, तर तो अगदी स्वच्छ! मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिलं. मागचा भाग लाल, सुजलेला. "पित्त वर येतंय," म्हणाल्या.

मला छातीत कधीच जळजळलं नव्हतं. याला सायलेंट रिफ्लक्स म्हणतात, हे तेव्हा कळलं. पोटातलं आम्ल आणि पेप्सिन हा पाचक रस घशापर्यंत पोचतो. अन्ननलिका जेवढं सोसते तेवढं घशाला सोसत नाही, म्हणून थोडंसं आलं तरी त्रास होतो.

मी शाळेत शिकवते. माझ्याआधी माझं खाकरणं वर्गात पोचायचं आणि मुलं पटापट वह्या काढायची. फार लागायचं ते मनाला.

फरक पडला तो रात्रीचं जेवण साडेनवावरून साडेसातला आणल्यावर. आता जेवण आणि झोप यांत तीन तास जातात. पित्ताची गोळीही मी जेवणानंतर घेत होते, ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असते. खाकरणं थांबायला अडीच महिने लागले, नाकामागचं उतरणं निम्म्यावर आलं.

कोणाला असा त्रास आहे का? नाकाला किती फरक पडला, तेही लिहा.

•

ताई, आमच्याकडे नवऱ्याला हाच त्रास. रात्री दोनला खोकून उठायचे. आधी तीन उशा घेऊन पाहिल्या, पण त्याने माणूस पोटात दुमडतो आणि उलट दाब येतो. मग पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या घातल्या, सहा इंच उंची झाली. विटा सरकू नयेत म्हणून मध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेत. शिवाय डाव्या कुशीवर झोपायचं. आता रात्रीची झोप सलग होते.

•

माझं उलटं झालं. चार महिने पित्ताच्या गोळ्या घेतल्या, शून्य फरक. फोडणीचा वाससुद्धा येईनासा झाला तेव्हा दुर्बिणीने तपासलं, नाकात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराचे मऊ फुगवटे, निघाले. रिफ्लक्स आणि सायनस अनेकांत एकत्र दिसतात, पण एकामुळेच दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. वास जात असेल, नाक बंद राहत असेल तर नाकाची तपासणी टाळू नका.

•

मी गाणं शिकते. मला नऊ प्रश्नांचा कागद भरायला दिला होता, प्रत्येकाला ० ते ५ गुण. १३ च्या वर गेलं की रिफ्लक्सचा संशय धरतात. माझे २२ भरले. पण त्यातला एक प्रश्न घशातल्या कफाचा आणि नाकामागून उतरणाऱ्या स्रावाचाच आहे, त्यामुळे ॲलर्जीवाल्यांचेही गुण वाढतात. नुसत्या त्या आकड्यावर गोळ्या सुरू करू नयेत, असं मला वाटतं.

रियाजाआधीचा रिकाम्या पोटीचा चहा सोडला, तो सगळ्यात जड गेला. आमसुलाचं सार पित्तावर चांगलं म्हणून आई रोज द्यायची, पण आंबट माझ्या घशाला झोंबायचं. महिनाभर बंद ठेवलं आणि वरचा सा पुन्हा स्वच्छ लागला.

•

एक कळकळीने सांगते. बाबांचा आवाज दीड महिना घोगरा होता. पित्त असेल म्हणून आम्ही घरीच थंड दूध देत बसलो. बाबा तंबाखू खायचे. तपासल्यावर स्वरतंतूवर गाठ निघाली. लवकर सापडली म्हणून रेडिएशनवर भागलं. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला, गिळताना अडकलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरलं तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दाखवा.

•

विटावाल्या ताई, आमचा पलंग खालून बंद पेटीचा आहे, पाय नाहीत. काय करावं?

•

गादीखाली घालायला फोमची उतरती पाचर मिळते, ती घ्या. कमरेपासून वर उतार यायला हवा, नुसत्या मानेखाली नको. पहिले चार दिवस खाली सरकल्यासारखं वाटतं, मग सवय होते.