मदत हवी आहे : कोल्हापूर ते जोरहाट, विमानाने प्रत्यक्षात किती तास?

मी ऐरोलीत, आई कोल्हापुरात, भाऊ आसामात जोरहाटला. डिसेंबरात आईला एकटीलाच तिकडे पाठवायचंय. नकाशावर मोजलं तर सरळ रेषेत साधारण २,३४० किलोमीटर, म्हणजे जेटने जेमतेम साडेतीन तास. पण थेट विमान नाही, आणि छोट्या मार्गांवरचं एटीआर (पंख्याचं लहान विमान) ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच जातं. मुंबई-कोलकाता आणि बंगळुरू-कोलकाता असे दोन्ही मार्ग अ‍ॅपवर पाहिले, मधल्या थांब्यांचा अंदाज येत नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तासभर बसली की खुर्चीचा हात घट्ट धरून उठते, त्यामुळे रेल्वे नकोच. व्हीलचेअर सांगणार आहे. तिकडे तेव्हा साडेचारच्या सुमारास अंधारतं, उजेडात पोचायला हवी.

कुणी हा प्रवास केलाय का? एकूण किती तास लागले, आणि विमान मुंबईला बदललेलं बरं की बंगळुरूला?