‘इट्स अ वंडरफुल लाइफ’: आख्खा बघायचा, की फक्त नाताळची रात्र?

थेट_मुद्दा (धागाकर्ता)

डिसेंबर आला की जुना नाताळपट कुठला बघावा, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: फ्रँक काप्राचा १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. शेवट उत्तम आहे, वाद नाही. पण १३० मिनिटांपैकी अर्ध्याहून जास्त सिनेमात नाताळ जवळपास नाहीच. बेडफर्ड फॉल्स गावातल्या जॉर्ज बेलीचं (जेम्स स्टुअर्ट) आयुष्य १९१९ पासून सावकाश उलगडत जातं. देवदूत क्लॅरेन्स समोर येईपर्यंत दीड तास उलटलेला असतो. बिलीकाका आठ हजार डॉलर हरवतो त्या दिवसापासून, म्हणजे २४ डिसेंबर १९४५ पासून लावला तरी काही बिघडत नाही. आधीची गोष्ट चार वाक्यांत सांगता येते.

रीळवाला

साफ असहमत. क्लॅरेन्स ‘जॉर्ज जन्मलाच नसता तर’ काय झालं असतं ते दाखवतो, तो जो शेवटाकडचा भाग आहे, ती आधीच्या दीड तासाची वसुली आहे. उधारी कुठे झाली हेच बघितलं नाही तर वसुली कसली कळणार?

उदाहरण घ्या. १९१९ मध्ये गोवर नावाचा औषधविक्रेता स्वतःच्या मुलाच्या मृत्यूची तार वाचून सैरभैर होतो आणि कॅप्सूलमध्ये विष भरतो. पोरसवदा जॉर्ज ते औषध पोचवतच नाही आणि त्यापायी कानावर मार खातो. तोही आधीच अधू असलेल्या कानावर, कारण बर्फाखालच्या पाण्यातून भाऊ हॅरीला काढताना तो कान गेलेला असतो. पुढे पॉटर्सव्हिलमध्ये (जॉर्ज नसलेल्या जगात धनदांडग्या पॉटरच्या ताब्यात गेलेलं तेच गाव) तोच गोवर विषप्रकरणी वीस वर्षं तुरुंगात काढून आलेला दारुडा दिसतो, आणि हॅरीच्या थडग्यावर १९११–१९१९ अशी सालं असतात. आधीचे प्रसंग गाळलेत तर हा फक्त एक भिकारी आणि एक दगड.

बारकावे तर किती! जॉर्ज नसलेल्या जगात गेल्याक्षणी बर्फ पडायचं थांबतं, त्याच्या ओठातलं रक्त थांबतं, बहिऱ्या कानाने ऐकू येतं आणि खिशातल्या, लेक झूझूच्या फुलाच्या पाकळ्या नाहीशा होतात. परत येताना आधी बर्फ सुरू होतं, मग ओठातलं रक्त, मग पाकळ्या. संवादातून सांगायच्या आधीच काप्रा ते बर्फातून सांगून टाकतो.

हिशेबतपासनीस

दोघेही भावनेतच अडकलात. हा सिनेमा मुळात पैशाचा आहे आणि त्याच कारणाने पूर्ण बघावा. बेलींची ‘बिल्डिंग अँड लोन’ म्हणजे घरकर्ज देणारी पतसंस्था. लग्नाच्याच दिवशी ठेवीदारांची झुंबड उडते, तेव्हा जॉर्ज त्यांना समजावतो की पैसे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्यांच्या घरांत गुंतलेत. पलीकडे पॉटर डॉलरमागे ५० सेंट देऊन त्यांचे हिस्से विकत घ्यायला टपलेला. शेवटी जॉर्ज मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार वाटतो. एकजण हट्टाने सगळेच्या सगळे २४२ डॉलर मागतो, नंतर एक बाई फक्त साडेसतरा मागते. संस्था बंद व्हायच्या वेळी उरतात दोन डॉलर. रोखता आणि भरवसा यांतला फरक इतक्या स्वच्छपणे समजावणारा प्रसंग पडद्यावर मी तरी दुसरा सांगू शकत नाही.

तक्रारही नोंदवतो. ते आठ हजार चुकून वर्तमानपत्रातून पॉटरच्याच हाती जातात, तो ते दाबून ठेवतो आणि त्याला शिक्षा होत नाही. त्या काळच्या हॉलीवूडच्या आचारसंहितेत गुन्हेगाराला मोकळं सोडणं बसत नव्हतं, तरी हा सुटलाच.

तिरकस

‘क्लासिक’ म्हणण्याआधी इतिहास आठवा. चित्रपटगृहांत तो खर्च भरून काढू शकला नव्हता. १९७४ मध्ये हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि अमेरिकी वाहिन्यांनी तो दर नाताळात फुकट दाखवण्याचा सपाटा लावला. परंपरा तिथून सुरू झाली. फुकट होता म्हणून गाजला. आणि जॉर्ज नसता तर त्याच्या बायकोचं, मेरीचं काय, तर म्हणे लग्नाविना राहिलेली, चष्मा लावलेली ग्रंथपाल! हे भयानक नशीब?

रीळवाला

मेरीबद्दल पूर्ण सहमत, तो भाग आज बघवत नाही. पण हक्क सुटलेले सिनेमे ढिगाने होते, त्यातले किती दरवर्षी बघितले जातात?

थेट_मुद्दा

मुलांना कृष्णधवल चालत नाही, हेही आहे. रंगीत आवृत्ती लावावी का?

चौकट

लावू नका. रंग १९८०च्या दशकात चढवले गेले आणि स्वतः स्टुअर्टने त्याला जाहीर विरोध केला होता. कारणही आहे. पॉटर्सव्हिलचा भाग गडद सावल्या आणि उघड्या दिव्यांवर बेतलेला आहे. सावलीत रंग भरला की ती नुसती तपकिरी दिसते.

बघण्याआधी तीन गोष्टी तपासा. लांबी १३० मिनिटांच्या आसपास हवी. वीसेक मिनिटांनी कमी असेल तर ती पॉटर्सव्हिलच गाळलेली आवृत्ती असू शकते, म्हणजे नायक पुलावर निराश उभा आणि पुढच्या दृश्यात आनंदाने धावतोय! दुसरं, चित्र जवळपास चौकोनी आहे (१.३७ : १). दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. ‘पडदा भरा’ केलंत तर माणसं तरी फुगतात किंवा डोकी तरी कापली जातात. तिसरं, टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं.

बर्फाकडे लक्ष द्या. आधीच्या सिनेमांत रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे. पावलाखाली ते इतके कुरकुरायचे की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. इथे आगविझव्या फेसात साबण आणि पाणी मिसळून फवारलं, म्हणून संवाद जागेवरच टिपता आले. त्या बर्फाला अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. चित्रीकरण मात्र भर उन्हाळ्यातलं, पुलावर स्टुअर्टच्या चेहऱ्यावर घाम दिसतो.

थेट_मुद्दा

बरं, गोवर आणि झुंबड दोन्ही ठेवतो. पण तो तरणतलावावरचा नाच? तो तरी कापू दे की.

रीळवाला

त्या नाचावरून घरी परतताना दोघं पडक्या घराच्या काचांवर दगड मारतात आणि मेरी मनात काहीतरी मागते. पुढे संसार त्याच घरात. जिन्याच्या कठड्यावरचा लाकडी गोळा तिथलाच, दरवेळी हातात निघून येणारा. एकदा जॉर्ज तो फेकून मारायच्या बेतात असतो, शेवटच्या रात्री त्याचा मुका घेतो. आता ठरवा, काय कापायचं ते.