डॉम्पेरिडोन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन: मदत हवी आहे

आईला (वय ६३) मधुमेहामुळे गॅस्ट्रोपॅरेसिस (पोट हळू रिकामं होणं) आहे. डॉम्पेरिडोन १० मिग्रॅ दिवसातून तीनदा, जेवणाआधी. शिवाय मेटफॉर्मिन आणि एस्सिटालोप्रॅम (नैराश्य-चिंतेवरचं औषध) १० मिग्रॅ. काल छातीतल्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ७ दिवस लिहून दिलं. त्यांना डॉम्पेरिडोनबद्दल सांगायचं राहून गेलं, चूक माझीच.

रात्री गोळ्या डबीत भरताना डॉम्पेरिडोनच्या पाकिटातला कागद उघडला. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत घेऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे: रक्तातलं डॉम्पेरिडोन वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. फार्मासिस्ट म्हणाले, दोन तासांचं अंतर ठेवा. मला ते पटत नाही. अडचण पोटात गोळ्या एकत्र येण्याची नाहीच, डॉम्पेरिडोनचं विघटन करणारं यकृतातलं एन्झाइमच हे अँटिबायोटिक अडवतं. क्लॅरिथ्रोमायसिनचा अजून एकही डोस दिलेला नाही. दोन्ही डॉक्टरांना फोन केले, उत्तर नाही, उद्या पुन्हा करणार.

पेनिसिलिनची अॅलर्जी आहे. डॉम्पेरिडोनसारखंच काम करणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडने पूर्वी हात थरथरायला लागले होते, त्यामुळे ते नको. मागच्या वर्षीचा ईसीजी नॉर्मल, पोटॅशियम अलीकडे तपासलेलं नाही.

निर्णय डॉक्टरांचाच, पण नेमकं विचारता यावं म्हणून जाणकारांनी सांगावं: एस्सिटालोप्रॅमही क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर, ते लांबलं तर ठोके बिघडू शकतात) वाढवतं, मग पर्यायी अँटिबायोटिक म्हणून अॅझिथ्रोमायसिनपेक्षा डॉक्सीसायक्लिनबद्दल विचारणं बरं का? आणि क्लॅरिथ्रोमायसिनच द्यावं लागलं, तर ते संपल्यावर डॉम्पेरिडोन किती दिवसांनी सुरू करतात?