कावीवर डॉक्टरेट : ‘फोटो काढा, लिहा’ इतकं सोपं?

मांडवीकाठ : कलेच्या इतिहासात पीएचडी म्हणजे सहा वर्षं सरकारी खर्चाने देवदर्शन. गोव्यात तर कावी, म्हणजे देवळांवरची ती लाल-पांढरी कोरीव चित्रं, भिंतींवर आयती आहे. फोटो काढा, दोनशे पानं लिहा, झालात डॉक्टर.

चुन्याची निवळी : फोटो काढा म्हणे! समोरून फ्लॅश मारलात तर ओरखडे दिसतच नाहीत, नुसता लाल डाग. दिवा भिंतीलगत तिरका धरा, मग कडेची सावली पडते आणि कोरणी किती खोल ते कळतं. चौकटीत मापपट्टी नसेल तर तो फोटो प्रबंधात बाद. पावसाळ्यात तर जाऊच नका, ओल्या भिंतीवर काव, म्हणजे ती लाल माती, गडद दिसते. त्याआधी देवस्थान समितीची लेखी परवानगी. आणि सहा वर्षं ही कमाल मुदत. किमान तीन, कोर्सवर्क धरून.

घोटीव गोटा : एवढं काय? फ्रेस्कोच तो.

चुन्याची निवळी : मुळीच नाही! फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग भरतात. इथे पांढऱ्या गिलाव्यावर काव कालवलेल्या चुन्याचा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. उशीर झाला, चुना घट्ट झाला, की कड तुटून रेघ दातेरी होते. शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटायचं. जातच लावायची तर स्ग्राफितो म्हणा, थर खरवडून केलेल्या चित्राचं ते इटालियन नाव.

घोटीव गोटा : बरं बाबा, स्ग्राफितो. म्हणजे पोर्तुगीजांनीच आणलं!

पेडण्याचा माड : झालं सुरू! सारखं दिसलं की आणलं? थर खरवडणं कुणालाही सुचेल. कागद दाखवा. आणि वाद घालायचाच तर जीर्णोद्धारवाल्यांशी घाला. भिंतीचा जांभा दगड पाणी पितो. वरून ऑइल पेंट फासला की ते बाहेर पडत नाही, क्षार रंगामागे साचतात, आणि पापुद्रा निघतो तो कावीसकट. सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच. ‘मजबूत केलं’ म्हणून पाटी मात्र लागते.

घोटीव गोटा : गळकं देऊळ ठेवायचं का मग तुमच्या प्रबंधासाठी?

पेडण्याचा माड : गळतं छप्पर. कौलं बदला, भिंत कशाला रंगवता?

मांडवीकाठ : देवदर्शन मागे घेतो, खूश? पण पोट कशावर भरायचं?

चुन्याची निवळी : यूजीसीच्या नेट परीक्षेला दृश्यकला घेऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती काढा. दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे वरची शिष्यवृत्ती, एसआरएफ, ४२,०००. तेवढ्यात पोर्तुगीज शिका, नाहीतर पणजीच्या पुराभिलेखागारात नुसती पानं उलटत बसाल.

मांडवीकाठ : म्हणजे भिंत मराठी माणसाची आणि कागद पोर्तुगीज. लिहा तुम्हीच.