कप म्हणजे नक्की किती? तुमचे घोळ सांगा

आज कपाट आवरताना काचेचा जुना मापाचा कप हाती लागला. एका बाजूला मिली, दुसऱ्या बाजूला कप, आकडे घासून घासून उडालेत. लगेच माझा पहिला केक आठवला. 'एक कप दूध' म्हटलं होतं, मी चहाचा कप घेतला. तो भरला 150 मिलीला. बाकी सगळं मात्र पुडक्यावरच्या ग्रॅममध्ये मोजलेलं. वीट झाली, वीट! तुमचंही येऊ द्या.

चमचेबहाद्दर
पाककृती कुठली होती ते बघितलंत का? अमेरिकन कप साधारण 237 मिली, ऑस्ट्रेलियन 250, जपानी 200. तिकडचा टेबलस्पूनही 20 चा, आपण 15 धरून बसतो. तिकडचा म्हणजे ऑस्ट्रेलियन.

उरलंसुरलं
राइस कुकरबरोबर आलेला कप 180 चा असतो हे मला सहा महिन्यांनी कळलं!! केक दर वेळी बुटका. नवरा म्हणे ओव्हनच खातो वाटतं थोडा.

वाफ
@उरलंसुरलं, सगळंच त्याच कपाने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही. बोंब होते अंड्यांची. अंडं काही पाऊण घालता येत नाही.

उरलंसुरलं
बरोबर, ऑम्लेटसारखा वास यायचा 😂

घाईतली
60 पाव, 80 एक तृतीयांश, 120 अर्धा, एवढं पाठ आहे. 100 आलं की पंचाईत. सहा टेबलस्पून आणि दोन टीस्पून घालते. कुकर झाला, पळते.

चमचेबहाद्दर
कप हातात उचलून बघू नका, तिरका होतो. ओट्यावर ठेवून वाकून, डोळा रेघेच्या पातळीला आणून बघायचं.

वाफ
वाकायचं म्हणे. गुडघे कुणाचे?

उरलंसुरलं
माझेही गेलेत. जिने बंद केलेत. तुम्ही व्यायाम कुठला करता?

नुसताच वाचक
काटा घ्या, सुटाल. पाणी 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम. पण मधाला हे लावू नका. मी 100 मिली म्हणून 100 ग्रॅम घेतला, तो जेमतेम 70 मिली भरतो.

घाईतली
आले परत. ताई, त्या कपाचं काय केलंत?

धागाकर्ती
नेलपॉलिशने रेघा ओढल्या, अंदाजाने. आत्ता तुमचं वाचून काट्यावर 250 ग्रॅम पाणी घेऊन ओतलं. माझ्या 250 च्या रेघेच्या बोटभर खाली राहिलं. रिमूव्हर शोधतेय.