ह्युमरसच्या पोस्टेरियर अप्रोचमध्ये रेडियल नर्व्हसाठी कोणत्या खुणेवर भरवसा ठेवावा?

नमस्कार. मी अस्थिशल्यचिकित्सेचे पदव्युत्तर प्रशिक्षण घेत आहे. ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मधल्या आणि खालच्या तृतीयांशाच्या सीमेवर बरेच तुकडे झालेल्या एका फ्रॅक्चरला मागच्या बाजूने (पोस्टेरियर अप्रोचने) प्लेट बसवायची आहे आणि त्या तयारीत एका प्रश्नापाशी अडलो आहे. रुग्णाला मनगट, अंगठा आणि बोटे व्यवस्थित उचलता येतात. म्हणजे या हालचाली घडवणारी रेडियल नर्व्ह (मज्जातंतू) आज काम करते आहे आणि शस्त्रक्रियेनंतरही ती तशीच राहावी, याची मला मनापासून काळजी वाटते.

पुस्तकांतली अंतरे परिचित आहेत. मीडियल एपिकॉन्डाइलच्या (कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या) सुमारे 20 सेंमी वर नर्व्ह हाडाच्या मागच्या पृष्ठभागावर येते, लॅटरल एपिकॉन्डाइलच्या (बाहेरच्या उंचवट्याच्या) सुमारे 14 सेंमी वर ती हा पृष्ठभाग सोडते आणि सुमारे 10 सेंमीवर लॅटरल इंटरमस्क्युलर सेप्टम (पुढच्या व मागच्या स्नायूंमधला बाहेरचा पडदा) भेदून पुढच्या कप्प्यात जाते. पण ही सरासरी आहे, आणि तीही अखंड हाडावर मोजलेली. आमच्या रुग्णात तुकडे एकमेकांवर चढून हाड आखूड झाले आहे, त्यामुळे एपिकॉन्डाइलपासून पट्टी लावून त्वचेवर केलेली खूण नर्व्हच्या प्रत्यक्ष जागेपेक्षा वर पडू शकते. एपिकॉन्डाइलमधल्या रुंदीच्या प्रमाणात अंतर काढले तर हाताच्या लांबीतला व्यक्तिगत फरक काही अंशी सुटतो; आखूडपणाची अडचण मात्र तशीच राहते.

म्हणून माझा कल मऊ ऊतींच्या खुणांकडे आहे. ट्रायसेप्सचे (दंडाच्या मागच्या स्नायूचे) लाँग आणि लॅटरल हेड हे भाग जिथे एकत्र येऊन ॲपोन्युरोसिसला (स्नायूच्या चपट्या कंडरेला) मिळतात, त्या टोकाच्या साधारण दोन बोटे वर खोलवर नर्व्ह सापडते, असे शिकवले जाते. ही खूण स्नायूतच असल्याने हाडाच्या लांबीवर ती तितकीशी अवलंबून नसावी, असे मला वाटते. परंतु जखमेतला रक्तसाठा आणि सूज यांमुळे ते टोकच नीट ओळखता आले नाही, तर बोटांच्या मापाला काय अर्थ उरतो?

दुसरा मार्ग मला अधिक पटतो. ट्रायसेप्सच्या बाहेरच्या कडेने आत शिरून, सेप्टमला लागून असलेली पोस्टेरियर अँटेब्रॅकियल क्युटेनियस नर्व्ह (रेडियल नर्व्हची त्वचेकडे जाणारी शाखा) आधी ओळखायची आणि तिचा माग काढत वर जात मुख्य नर्व्हपर्यंत पोहोचायचे. यात अंदाजाने खोल कापावे लागत नाही, कारण हाती आलेला धागाच वाट दाखवतो. शिवाय सेप्टमपाशी नर्व्ह सर्वांत कमी हलू शकते आणि या पातळीवरच्या फ्रॅक्चरमध्ये ती तिथेच ताणली जाण्याचा किंवा तुकड्यांत अडकण्याचा धोका असतो, त्यामुळे ती जागा नजरेखाली आल्याशिवाय रिडक्शनसाठी (तुकडे जागेवर बसवण्यासाठी) ओढ देऊ नये, असे माझे मत आहे.

ज्यांनी अशा शस्त्रक्रिया नियमितपणे केल्या आहेत, त्यांना विचारायचे आहे की तुम्ही शोधाची सुरुवात खालून, सेप्टमपासून करता, की वर लाँग आणि लॅटरल हेडमधून शिरून, प्रोफंडा ब्रॅकी धमनीच्या सोबतीने जाणारी नर्व्ह आधी गाठता? त्वचेची शाखा इतकी बारीक असताना रक्ताने माखलेल्या ऊतींत ती कशी ओळखता? ट्रायसेप्सच्या मीडियल हेडला जाणाऱ्या शाखा जपायच्या तर मुख्य नर्व्ह किती लांबीपर्यंत मोकळी करणे पुरेसे मानता? टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) इथे बहुधा अडचणीचाच ठरेल, म्हणून रक्तस्राव कसा आटोक्यात ठेवता हेही कृपया लिहावे.

नर्व्ह प्लेटच्या कितव्या छिद्रावरून जाते, हे शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहून ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे, कारण पुढे प्लेट काढण्याची वेळ आली तर व्रणातून शिरणाऱ्या सर्जनला तीच सर्वांत उपयोगी खूण ठरेल. नोंदीत याखेरीज आणखी काय असावे, असे आपणांस वाटते?