घरमालकीण आजींच्या काकांची फाईल कुठे शोधू? (हाडामार, १९४१)

फ्रँकफुर्टकर: मंडळी, इतिहासवाल्यांनी मदत करा प्लीज. माझ्या घरमालकीण आजी ८४ वर्षांच्या, परवा त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक फोटो काढला, पहिल्या महायुद्धाच्या युनिफॉर्ममधला पोरगेलासा माणूस, त्यांचे मोठे काका. व्हेर्दूनच्या लढाईतून आले ते थरथरतच, चमचा तोंडापर्यंत जाईतो अर्धं सूप टेबलावर, शेवटी घरच्यांनी वाइलम्युन्स्टरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. आणि मार्च १९४१ मध्ये पत्र आलं की ऑस्ट्रियात हार्टहाइमला न्यूमोनियाने गेले, साथीच्या भीतीने लगेच दहन केलंय. आजींना आता खरं काय ते हवंय, कुठे लिहू? आणि त्यांना हाडामारला (नाझी जिथे मनोरुग्णांना गॅसने मारायचे ते जर्मनीतलं ठिकाण, आता तिथे स्मारक आहे) न्यावं का?

रानवारा: पत्रातल्या कशावरच विश्वास ठेवू नका, ना गावावर, ना तारखेवर, ना आजारावर. वाइलम्युन्स्टर हे हाडामारला पाठवायच्या आधीचं ठेवण्याचं ठिकाण होतं, त्यामुळे मारलं बहुतेक हाडामारलाच असणार आणि कागद तेवढा हार्टहाइमचा. ही मारण्याची केंद्रं आपसात कागद बदलायची, म्हणजे एका गावात एकदम शेकडो मृत्यू दिसायला नकोत. तारीखही पुढची टाकायचे, तेवढ्या दिवसांचे खर्चाचे पैसे उकळायला!
बर्लिनच्या बुंडेसआर्काइव्हला, म्हणजे सरकारी अभिलेखागाराला लिहा. टी-४, म्हणजे नाझींची रुग्णांना मारण्याची मोहीम, तिच्या ७०,२७३ बळींपैकी साधारण ३०,००० फायली उरल्यात, आर १७९ या नंबरखाली. नावांची यादी ऑनलाइन आहे, जन्मतारीख हाताशी ठेवा. तिथे नसले तर हाडामारच्या स्मारकाला मेल करा.

गप्पिष्ट_नाना: पण युद्धात जखमी झालेल्यांना वगळायचे ना?

रानवारा: नाना, दवाखान्यांना प्रत्येक रुग्णाचा जो फॉर्म भरावा लागायचा त्यावर रकाना होता हो, युद्धात अपंगत्व आलंय का म्हणून. पण थरथर ही जखम मानायचेच कुठे! १९१६ पासून डॉक्टर विजेचे झटके देऊन असल्या सैनिकांना परत कामाला जुंपायचे, आणि १९२६ मध्ये विमा खात्याने ठरवून टाकलं की असल्या त्रासाला पेन्शन नाही, माणूसच मुळात कमकुवत. पुढे नाझींना आयतंच मिळालं. पाय गेलेला तो शूर, आणि मेंदू हादरलेला तो आनुवंशिक रोगी. त्यात वर्षानुवर्षं दवाखान्यात, काम करता येत नाही, भेटायला कोणी नाही, मग संपलंच. म्हणून फाईल आली की निदान काय लिहिलंय ते आधी बघा. लष्करी रेकॉर्डचा नाद नको, प्रशियाचं बहुतेक सगळं १९४५ मध्ये पॉट्सडामच्या बॉम्बहल्ल्यात जळालं. बव्हेरियाचे असते तर म्युनिकला मिळालं असतं.

लिंबुर्गची_सून: ताई की दादा माहीत नाही, पण न्या आजींना. फ्रँकफुर्टहून लिंबुर्ग आणि तिथून पुढे छोटी गाडी. आधी फोन करा आणि फाईल घेऊन जायचंय हे सांगा. मी सासूबाईंना नेलं होतं, तळघर त्यांनी टाळलं आणि बरंच केलं, काळ्यापांढऱ्या फरशीची ती गॅसची खोली बघून मीच गप्प झाले. रुग्णांना आणणाऱ्या बसचं लाकडी गॅरेज मात्र बघा, बस आत गेली की दार बंद, माणसं आतल्या आत उतरवायची, बाहेरच्याला दिसायला नको म्हणून. पण धूर कसा लपवणार? लिंबुर्गच्या बिशपनी ऑगस्ट १९४१ मध्ये मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात आहे की तिथली पोरं भांडताना एकमेकांना म्हणायची, तुला हाडामारच्या भट्टीत घालतील. आणि म्हणे कोणाला काही माहीत नव्हतं.

फ्रँकफुर्टकर: सगळ्यांचे आभार, आणि दादा आहे 🙂 यादीत नाव सापडलं, जन्मतारीख जुळते. आजींना सांगितलं तर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, फाईलमध्ये त्यांच्या हातचं काही लिहिलेलं असेल का रे? काका घरी पत्रं पाठवायचे म्हणे, पण अक्षर इतकं हलायचं की आई ती वाचायच्या आधीच चुलीत घालायची. उद्या मेल टाकतोय.